मिठाचा धडा : महात्मा गांधींचे जीवनकार्य आणि माहुलचा खाडीकाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसभेतील व्याख्यानाचा मजकूर)



माहुल हे गाव खाडीच्या काठी वसले आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी खाजणात शिरावे, ते बांध घालून अडवावे, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत खेळवावे, उन्हाने आटवावे आणि तळाशी पांढरा दाणा धरला की लाकडी फावड्याने तो ओढून ढीग लावावा, हा व्यवसाय माहुल, आणिक, वडाळा, तुर्भे या पट्ट्यातील लोकांच्या पिढ्यान् पिढ्या परिचयाचा होता. आगरी समाजाचे नावच मुळी आगरावरून पडले असे मानतात. कोळी मासे धरी, आगरी मीठ पिकवी, आणि ओल्या मासळीला ते मीठ लागले म्हणजे पावसाळ्याची बेगमी होई. अशा गावातील मुलास मीठ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. परंतु या मिठाने एका साम्राज्याची सत्ता कशी हादरली, आणि ती हादरविणाऱ्या पुरुषाने हाती शस्त्र का धरले नाही, हे मात्र त्याला शिकवावेच लागेल. महात्मा गांधींच्या चरित्राचा विचार मिठाच्या या एका दाण्यापासून करणे माहुलच्या शाळेस म्हणूनच उचित होय.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. लहानपणी हा मुलगा बुजरा होता, अभ्यासात सामान्य होता. १८८८ मध्ये तो मुंबई बंदरातून विलायतेस गेला आणि १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतला. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिल्यावर त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, आणि पक्षकाराची फी परत करण्याची वेळ आली. ही गोष्ट त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितली आहे. वर्गात उत्तर देताना अडखळणाऱ्या मुलाला ती अवश्य सांगावी.

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेस गेले. त्याच वर्षी ७ जूनच्या रात्री, पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असताही, वर्णाने काळे म्हणून त्यांना पीटरमारित्झबर्ग स्थानकावर गाडीतून उतरविण्यात आले. थंडीने कुडकुडत त्यांनी ती रात्र काढली. परत मायदेशी जावे की अन्यायाशी झुंजावे, या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री ठरले. अपमानाचा सूड घेण्याचा विचार त्यांनी केला नाही. ज्या रोगाचे हे लक्षण होते, तो रोगच नाहीसा करावयाचा असा निश्चय त्यांनी केला. पुढील एकवीस वर्षांत त्यांनी तेथील हिंदी मजुरांना आणि व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन लढ्याची जी पद्धत सिद्ध केली, तिलाच सत्याग्रह हे नाव मिळाले. अन्यायाचा कायदा उघडपणे मोडावयाचा, त्याबद्दलची शिक्षा आनंदाने भोगावयाची, परंतु प्रतिपक्षावर हात उगारावयाचा नाही आणि मनातही द्वेष ठेवावयाचा नाही, हे तिचे सार आहे.

९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईस अपोलो बंदरावर उतरले. ज्यांना ते आपले राजकीय गुरू मानीत ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, निवर्तले. हिंदुस्थानची परिस्थिती आधी डोळ्यांनी पाहावी, मग बोलावे, असा गोखल्यांचा उपदेश होता. शिष्याने तो पाळला.

येथे शिक्षकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावी अशी एक हकिकत आहे. १९१७ मध्ये बिहारमधील चंपारण्यात नीळ पिकविणाऱ्या कुळांवर मळेवाल्यांचा जो जुलूम चालला होता, त्याची चौकशी करण्यास गांधीजी गेले. विघ्यातील वीस हिश्शांपैकी तीन हिस्से जमिनीत नीळ लावलीच पाहिजे, अशी सक्ती तेथे होती. १९१८ च्या कायद्याने ती उठली. परंतु चौकशी चालू असतानाच त्यांच्या ध्यानात आले की, जोवर खेड्यात अज्ञान आणि अस्वच्छता आहे तोवर एक जुलूम गेला तरी दुसरा येईल. म्हणून त्यांनी तेथे शाळा काढल्या. पहिली शाळा १३ नोव्हेंबर १९१७ रोजी बडहरवा येथे निघाली. तेथे शिकविण्यास मुंबईहून बबन गोखले आणि अवंतिकाबाई गोखले हे दांपत्य गेले. अवंतिकाबाईंना येत होती मराठी. समोरची मुले हिंदी बोलणारी. अशा स्थितीत शिकवावे कसे? गांधीजींनी समजाविले की, व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवावयाच्या आहेत. आणि अक्षरांचे म्हणाल तर मराठी, गुजराती व हिंदी यांत वाटते तेवढे अंतर नाही. अवंतिकाबाईंची ती शाळा आदर्श ठरली, असे प्रशस्तिपत्र गांधीजींनी आत्मचरित्रात दिले आहे. याच अवंतिकाबाईंनी १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती.

तेथील खेड्यातच कस्तुरबांनी एका बाईस लुगडे धुऊन का नेसत नाही असे विचारले, तेव्हा तिने आपली झोपडी दाखविली. आत पेटी नव्हती, कपाट नव्हते. अंगावर होते तेवढेच एक लुगडे. ते धुवावयाचे तर नेसावयाचे काय? स्वच्छतेचा पाठ देणाऱ्याने प्रथम समोरच्याचे दारिद्र्य पाहिले पाहिजे, हा धडा त्या बाईने शिक्षकांना दिला. माहुलच्या शाळेत मळका गणवेश घालून येणाऱ्या मुलास रागे भरण्यापूर्वी त्याच्या घरी नळाला पाणी किती वेळ येते याची विचारपूस करणे, हे त्याच शिकवणुकीस धरून होईल.

अहिंसा म्हणजे दुबळ्याचे समाधान, असा एक समज पूर्वीही होता, आजही आहे. मुंबईच्याच इतिहासातील एका प्रसंगावरून तो तपासून पाहावा. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईस आले. त्यांच्या स्वागतावर बहिष्कार घातलेला होता. परंतु बहिष्कार न मानणाऱ्या पारशी, ख्रिस्ती आदी लोकांवर जमावाने हल्ले केले आणि शहरात दंगल उसळली. जमाव गांधीजींच्याच नावाचा जयघोष करीत होता. प्रतिपक्षाचा दोष सांगणे त्या वेळी सोपे होते. गांधीजींनी दोष आपल्या माणसांकडे आणि स्वतःकडे घेतला. शांतता होईपर्यंत अन्न घेणार नाही असे जाहीर करून त्यांनी १९ नोव्हेंबरपासून उपोषण केले. पुढे फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस चौकी जाळून पोलिसांचे प्राण घेतले, तेव्हा देशभर भरात आलेली चळवळ त्यांनी थांबविली. अनेक सहकारी रुष्ट झाले. त्या निर्णयाबद्दल अभ्यासकांत आजही दुमत आहे, आणि मुलांपुढे ते लपविण्याचे कारण नाही. परंतु स्वपक्षाच्या हिंसेचा जाहीर निषेध करून हातची चळवळ सोडून देणाऱ्या पुरुषास दुर्बल म्हणता येणार नाही.

मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात प्रकृती बिघडल्याने जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. सुटकेनंतर विश्रांतीसाठी ते राहिले ते मुंबईच्या उपनगरातच, जुहूच्या समुद्रकाठी. म्हणजे या परिसराचा आणि त्यांचा संबंध केवळ ऐकीव नव्हे.

आता मिठाकडे वळू. सरकारच्या परवान्यावाचून मीठ करणे हा त्या काळी गुन्हा होता. समुद्र कोणाचा नसे, ऊन कोणाचे नसे, पण त्या दोहोंच्या संयोगाने झालेला दाणा मात्र सरकारचा. १९३० मध्ये एका मणावर एक रुपया चार आणे कर होता. मण म्हणजे चाळीस शेर आणि सव्वा रुपया म्हणजे वीस आणे. तेव्हा शेरामागे अर्धा आणा, म्हणजे जुने दोन पैसे. रक्कम ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी दाखवून दिले की, हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी आहे आणि व्हाइसरॉयांचे वेतन दिवसाला सातशे रुपयांहून अधिक आहे. दोन आणे रोजाच्या हिशोबाने एक मण मिठावरील कर म्हणजे एका माणसाची दहा दिवसांची कमाई. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या पानातले मीठ सारखेच असते. किंबहुना उन्हात घाम गाळणाऱ्यास ते अधिक लागते. म्हणून हा कर ज्याला देणे सर्वांत कठीण, त्याच्यावरच सर्वांत अधिक पडे. नामदार गोखल्यांनी १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात याच कराविरुद्ध आकडेवार भाषण केले होते, आणि १९०३ मध्ये तो काही अंशी कमी झाला होता. गुरूने जो प्रश्न सभागृहात मांडला, तो शिष्याने समुद्रकाठी नेला.

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीच्या आश्रमातून निवडक अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांसह ते पायी निघाले. सुमारे २४० मैल चालून ५ एप्रिलला दांडीस पोहोचले आणि ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी मूठभर मीठ उचलले. त्या वेळी त्यांच्या वयाला साठ वर्षे उलटून गेली होती. मीठ हा स्वराज्याचा विषय होऊ शकतो यावर आरंभी अनेक पुढाऱ्यांचाही विश्वास नव्हता. परंतु चुलीपाशी बसणाऱ्या बाईस जे पहिल्या क्षणी कळले, ते विद्वानांना थोडे उशिरा कळले इतकेच.

मुंबईच्या उपनगरात विलेपार्ले येथे सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला हे तिचे आधारस्तंभ होते. मिठाचा कायदा मोडल्याबद्दल जमनालालजींना पहिल्याच दिवसांत अटक होऊन दोन वर्षांची शिक्षा झाली. गांधीजींना ५ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथील झोपडीत पकडण्यात आले. १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली, खटला न चालविता, त्यांना डांबावयाचे होते. हत्यारबंद पोलीस भोवती असताना या बंदिवानाने मागून घेतले ते एवढेच की, दात घासण्यापुरता वेळ मिळावा. मुंबईत गर्दी होईल या भीतीने त्यांना आगगाडीतून बोरिवलीजवळ उतरवून मोटारीने येरवड्यास नेण्यात आले. जवळ शस्त्र नसलेल्या एका वृद्धाला राजधानीच्या स्थानकात उतरविण्याचे धैर्य सरकारला झाले नाही, यातच अहिंसेच्या सामर्थ्याची कबुली होती.

पुढारी पकडला की अनुयायी थंडावतात, असा राज्यकर्त्यांचा अनुभव होता. येथे उलटे घडले. २१ मे १९३० रोजी गुजरातेत धारासना येथे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांच्या रांगांमागून रांगा मिठाच्या आगाराकडे चालून गेल्या. लोखंडी टोकाच्या लाठ्यांचे घाव डोक्यावर पडत असता त्यांतील एकानेही हात वर केला नाही. आणि त्याच महिन्यात माहुलच्या खाडीपलीकडे, वडाळ्याच्या मिठागरांवर, मुंबईकरांच्या झुंडी जाऊ लागल्या. १ जून १९३० रोजी तर सुमारे पंधरा हजार लोक तेथे लोटले. पोलिसांचे कडे मोडून बायका व मुलेदेखील गुडघाभर चिखलातून मिठापर्यंत पोहोचली आणि ओंजळी भरभरून मीठ घेऊन परतली. आज त्या बाजूला उंच इमारती आणि वाहता रस्ता आहे. तरीही माहुलच्या बंदरावर मुलांना उभे करून पश्चिमेकडे बोट दाखवावे आणि सांगावे, की स्वराज्याची एक लढाई त्या चिखलात लढली गेली, आणि लढणाऱ्यांच्या हाती मिठावाचून दुसरे काही नव्हते.

या लढ्याचे फळ काय मिळाले, असा प्रश्न चलाख विद्यार्थी विचारील. त्याला खरे उत्तर द्यावे. कर लागलीच उठला नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारान्वये एवढेच ठरले की, जेथे मीठ गोळा करता येते किंवा तयार करता येते अशा भागालगतच्या गावांतील रहिवाशांना घरच्या उपयोगापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ घेता यावे. बाहेर व्यापार करू नये. देशाला ही सवलत अपुरी वाटली असेल; परंतु खाडीकाठच्या अशा गावांपुरता तरी चुलीवरचा पहारा उठला. पूर्ण कर १ एप्रिल १९४७ पासून रद्द झाला. १९०२ मधील गोखल्यांच्या भाषणापासून मोजले तर पंचेचाळीस वर्षे लागली. सत्याग्रहास चिकाटी लागते, हे सांगताना ही दोन वर्षे फळ्यावर लिहून मुलांकडून वजाबाकी करून घ्यावी.

पुढील इतिहास बहुतेकांना ज्ञात आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया तलावाच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्याच पहाटे गांधीजींना अटक झाली, आणि पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील बंदिवासात महादेवभाई देसाई व कस्तुरबा हे दोघेही त्यांना सोडून गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ते उत्सवात नव्हते. हिंदु-मुसलमानांतील वैर शमविण्यासाठी कलकत्त्यास होते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस प्रार्थनेला जात असता त्यांचा खून झाला.

शिक्षकांना त्यांचा जो खास वारसा लाभला, तोही मिठासारखाच साधा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी नई तालीमची कल्पना मांडली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि हाताच्या एखाद्या उद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, ही तिची सूत्रे होत. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. चरखा व तकली शाळांतून आज दिसत नाहीत, आणि ती योजना जशीच्या तशी टिकली असेही नाही. परंतु मूल हाताने जे करते त्यातून ते अधिक शिकते, हे तत्त्व जुने झालेले नाही. माहुलच्या शाळेत एका थाळीत खाडीचे पाणी उन्हात ठेवावे. बाष्पीभवनात विज्ञान येते, मिठाच्या वजनात गणित येते, भरती-ओहोटीत भूगोल येतो, वडाळ्याच्या गोष्टीत इतिहास येतो, आणि आजोबांना विचारून लिहिलेल्या आठवणीत मराठीचा निबंध येतो. एका थाळीत पाच विषय मावतात.

शेवटी एक गोष्ट सांगावयास हवी; तिच्यावाचून हा विषय माहुलमध्ये पुरा होणार नाही. १९५४-५५ पासून या गावाशेजारी तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने उभे राहिले. देशाला तेल मिळाले, अनेकांना रोजगार मिळाला. परंतु गावाची हवा बिघडली आणि खाडीची मासळी घटली. माहुल व आंबापाडा येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये नमूद केले. शहरातील तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून ज्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत आणून ठेवले होते, त्यांनी आजारपणाला कंटाळून २०१८ मध्ये विद्याविहार येथे पदपथावर धरणे धरले. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, मुलाबाळांसह ते तेथे बसले. निवेदने दिली, न्यायालयाकडे गेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र घरे द्यावीत अथवा भाड्यासाठी रक्कम द्यावी असा आदेश दिला. सर्व तंटे त्याने मिटले असे नाही. परंतु गाऱ्हाणे खरे असावे, ते पुराव्यानिशी मांडावे, कष्ट स्वतः सोसावे आणि दगड उचलू नये, ही रीत त्या बायाबापड्यांनी कोणत्या ग्रंथात वाचली होती? ती या मातीत मुरलेली आहे. वारसा म्हणतात तो हाच.

महात्म्याचा पुतळा उभारणे सोपे असते. २ ऑक्टोबरला तसबिरीस हार घालणे त्याहून सोपे. वर्गात दोन मुलांचे भांडण झाले असता, मार न देता, दोघांचेही ऐकून घेऊन, ज्याची चूक असेल त्याला ती स्वतःच्या तोंडाने सांगण्याचे बळ येईपर्यंत धीर धरणे, हे मात्र कठीण आहे. पण गांधीजींचे खरे स्मारक तेथेच होते. जो शिक्षक स्वतःची चूक वर्गापुढे कबूल करतो, त्याच्या विद्यार्थ्यांना सत्याग्रहाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मिठाचा दाणा पाण्यात विरघळतो आणि दिसेनासा होतो, पण चव मागे राहते. शिक्षकाचे कामही त्याच जातीचे आहे. माहुलच्या खाडीकाठी वाढणाऱ्या मुलांच्या मनात निर्भयतेची आणि प्रेमाची ती चव राहिली, तर त्या थोर पुरुषाचे जीवन येथे व्यर्थ गेले नाही असे म्हणता येईल.